हक्कसोडपत्रावरची सही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. नवऱ्यानं बायकोला मारणं तुमच्या मते योग्य आहे का? त्यापुढे सात कारणं वाचून दाखवतात. ती न सांगता बाहेर गेली, तिनं घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिच्या चारित्र्याचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यातल्या निदान एका कारणासाठी मारणं योग्य ठरवलं. स्त्रियांनी सर्वांत जास्त पसंती दिलेलं कारण कोणतं? चारित्र्याचा संशय नव्हे, करपलेली भाकरीही नव्हे. सासू-सासऱ्यांचा अनादर.

हे उत्तर नीट पाहायला हवं. हात नवऱ्याचा असतो, पण अपराध घराविरुद्ध झालेला असतो आणि शिक्षा घराच्या वतीनं दिली जाते. ‘रागाच्या भरात हात उचलला गेला’ हे पोलीस ठाण्यात रोज ऐकू येणारं वाक्य म्हणूनच फारसं खरं नाही. असा माणूस साहेबावर हात उचलत नाही, बँकेतल्या कॅशियरवर उचलत नाही, गल्लीतल्या दांडगटावर तर नाहीच. त्याच्या रागाला पत्ता बरोबर ठाऊक असतो.

दारूचं तसंच. दारूचा आणि मारहाणीचा संबंध आकड्यांत स्पष्ट दिसतो. नवरा वरचेवर झिंगून येतो अशा घरांत सुमारे ७० टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. दारूबंदीसाठी बाटली आडवी व्हावी म्हणून गावोगावच्या बाया मतदानाला रांगा लावतात, त्या काही हौसेनं नव्हे. पण याच सर्वेक्षणात दारूला न शिवणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांमध्येही हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे. दारू हात सैल करते. तो कुणावर उचलायचा हे मात्र शुद्धीवर असतानाच ठरलेलं असतं.

हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्क्यांनी कुणाचीही मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. याला आपण सरसकट लाज, संस्कार, सोशिकपणा अशी नावं देतो. त्यात तथ्य आहेच. पण दुसरं, अधिक रोकडं कारण नजरेआड होतं. सांगून जायचं कुठे? सासरचं घर नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, माहेरचं घर भावाचं. लग्नात मुलगी ‘दिलेली’ असते आणि दिलेली वस्तू परत घेणं आपल्याकडे शोभत नाही. माहेरी निघून आलेल्या लेकीला चार दिवस गोडधोड खाऊ घालून पाचव्या दिवशी बाप स्वतः एसटीत बसवून सासरी पोचवतो. शेजारीपाजारी त्याला शहाणा म्हणतात. काही महिन्यांनी वाईट बातमी येते, तेव्हा तोच बाप पोलीस ठाण्याच्या पायरीवर टाहो फोडतो. त्याचं दुःख खोटं नसतं. त्यानं तिला परत पाठवलं होतं हेही खोटं नसतं.

स्त्रियांवरील हिंसेची सांस्कृतिक मुळं शोधायला निघालेला माणूस बहुधा मनुस्मृतीत शिरतो, नाही तर सिनेमात आणि मोबाइलमध्ये. तिथे सापडण्यासारखं पुष्कळ आहे. पण एक मूळ याहून जवळ, तलाठ्याच्या दप्तरात आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आहे, आणि त्याविषयी बोलायला कुणालाच फारसं आवडत नाही.

प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अभ्यासकांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या विवाहितांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं, फक्त घर असलेल्यांत १० आणि दोन्ही असलेल्यांत ७. शिक्षण, उत्पन्न, नवऱ्याचं व्यसन वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक टिकून राहिला. मुख्य म्हणजे स्वतःचं छप्पर असलेल्या बायका मार खाल्ल्यावर घर सोडू शकत होत्या, आणि सोडल्यावर परत याव्या लागणाऱ्यांत बहुतेक निष्कांचन होत्या. ती निघून जाऊ शकते हे नवऱ्याला माहीत असणं, एवढ्यानंच बराच फरक पडतो.

नोकरीचं काय? हा प्रश्न लगेच येतो, कारण मुलगी शिकली, कमावती झाली की प्रश्न सुटला अशी मध्यमवर्गाची भाबडी खात्री आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं चित्र तसं नाही. कमावत्या स्त्रियांमध्ये मारहाणीचं प्रमाण घरी असणाऱ्यांपेक्षा कमी नाही, उलट जास्तच दिसतं. गरिबीमुळे कामाला जाणाऱ्या स्त्रिया त्यात मोठ्या संख्येनं आहेत, हे एक कारण. दुसरं असं की पगार घरात येतो आणि घरातच विरतो. फ्लॅटचा हप्ता तिच्या पगारातून आणि खरेदीखत त्याच्या नावावर, अशी जोडपी पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत भेटतील.

याला इतिहासातला साक्षीदार हवा असेल तर रखमाबाईंकडे पाहावं. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या या मुलीनं पुढे नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, म्हणून त्या नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर फिरून सुनावणी झाली आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’नं त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटात त्यांनी दीर्घकाळ काम केलं.

ही गोष्ट सांगताना त्यांच्या बाणेदारपणाचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण आणखी एक तपशील आहे. रखमाबाईंची विधवा आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी लहानग्या रखमाबाईंच्या नावे केली होती. म्हणजे नकार देणाऱ्या या मुलीच्या पाठीशी स्वतःची मालमत्ता होती, आणि तिला घरात ठेवून घेणारे आई व सावत्र वडील होते. दाव्यामागे त्या मालमत्तेवरचा डोळा असल्याचा आरोपही तेव्हा झाला. त्याच काळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) लिहून पुरुषांची चामडी सोलली. आणि त्याच काळात घरदार नसलेल्या हजारो मुली मुकाट नांदायला गेल्या, ज्यांच्या नावानं एकही दावा कुठल्या दप्तरात नाही. नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. तुरुंग तेवढा गेला.

मुलीला वाटा का नको, याचं उत्तर निव्वळ लोभ एवढंच नाही. कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिलं होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि तसं करायचं तर बाईवर पहारा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्या पहाऱ्याची साधनं. ज्या बाईकडे जमीन आहे ती आपल्या मर्जीनं लग्न करू शकते, लग्न मोडू शकते, विधवा झाल्यावर दुसरं करू शकते. त्या निबंधानंतर तीस-पस्तीस वर्षांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडताना त्यांनी मुलीच्या वाट्याचा प्रश्न समोर ठेवला तेव्हा जो गदारोळ उठला, त्यात धर्म बुडाल्याची ओरड मोठी होती आणि जमिनीचे तुकडे पडतील ही भीतीही तितकीच खरी होती. बिल रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीला बाप-भाऊच संपवतात अशा बातम्या अहिल्यानगरपासून नाशिक-मराठवाड्यापर्यंत येतच असतात. ‘सैराट’ पाहून थिएटरात सुन्न झालेल्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी घरी जाऊन मुलीच्या नावावर गुंठाभर जमीन केली, हा प्रश्न खोडसाळ वाटेल. विचारायला हरकत नाही.

आता कायद्याकडे. महाराष्ट्र इथे देशाच्या पुढे होता. १९९४ मध्ये राज्यानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क दिला. केंद्रानं ते २००५ मध्ये केलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील कधी वारले याचा त्या हक्काशी संबंध नाही हेही स्पष्ट केलं. तरीही पाचव्या सर्वेक्षणात स्वतःच्या किंवा सामायिक नावावर घर अथवा जमीन असल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया देशात ४३ टक्के होत्या, तर महाराष्ट्रात जेमतेम २३ टक्क्यांच्या आसपास.

ही दरी पडते हक्कसोडपत्रानं. वडील गेले, तेरावं झालं, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली की भाऊ गाडी पाठवतो. बहीण तालुक्याला येते. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर ती आपला हिस्सा सोडते, अंगठ्याचा ठसा देते, फोटो काढते. दुपारी वहिनी पुरणपोळी करते, निघताना साडी-चोळी होते. कुणी धमकावलेलं नसतं. तिला फक्त एवढं माहीत असतं की सही केली नाही तर पुढची भाऊबीज नाही, बाळंतपणाला हक्काची जागा नाही, मुलाच्या लग्नात मामा उभा राहायचा नाही. लाखो रुपयांची जमीन देऊन ती माहेरचं दार किलकिलं ठेवून घेते. आणि ज्या दिवशी सासरी मार खाऊन ती त्या दारात उभी राहते, त्या दिवशी ते घर कायद्यानंही तिचं राहिलेलं नसतं. पाहुणी म्हणून चार दिवस, बस.

मुलीला काहीच देत नाहीत असं मात्र नाही. देतात, भरपूर देतात, फक्त तिच्या हातात देत नाहीत. ‘आम्हाला हुंडा नको, मुलीला काय घालायचं ते घाला, लग्न तेवढं चांगलं लावून द्या’ ही आजची सभ्य बोली आहे. मग तोळ्यांत सोनं, चारचाकी, मानपान, डीजे, पाच हजारांच्या पंगती. १९६१ पासून हुंड्याला बंदी आहे आणि १९८६ पासून हुंडाबळी हा वेगळा गुन्हा आहे. तरी नोंद झालेल्या हुंडाबळींची संख्या २०२२ मध्ये ६,४५० होती. मे २०२५ मध्ये पुणे परिसरातल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर लग्नात दिलेल्या सोन्याची आणि गाडीची चर्चा महाराष्ट्रात महिनाभर रंगली. त्या चर्चेत एक साधी गोष्ट हरवली. मुलीचा वाटा म्हणून बापाकडून जे काही मोजलं जातं, ते तिला मारू शकणाऱ्या लोकांच्या ताब्यात जातं. लग्नावर पन्नास लाख उडवणारा बाप तिच्या नावावर एका खोलीची सदनिका घेत नाही. तसं केलं तर व्याह्यांवर विश्वास दाखवल्यासारखं होत नाही म्हणे.

हा सगळा जमीन-जुमला असलेल्यांचा हिशेब झाला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचं काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांकडे पाहिलं तर हाच पेच दुसऱ्या टोकानं दिसतो. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धीच उचल, म्हणून पोराचं लग्न लवकर. म्हणून पोरगीही कोवळी. राज्यात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. बीडमध्ये सुमारे ४४ टक्के. फडात एक दिवस कामाला न गेलं तर ‘खाडा’ पडतो, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. पाळीच्या दिवसांत खाडा, पोटात दुखलं तरी खाडा. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींनी गर्भाशय काढून टाकल्याचं आढळलं. कित्येक जणी तिशी-चाळिशीच्या आतल्या. डॉक्टरनं भीती घातली, मुकादमानं उचल दिली, घरच्यांनी होकार दिला. यात कुणी कुणावर हात उचललेला नाही आणि हे आकडे हिंसेच्या कुठल्याही तक्त्यात येत नाहीत. शिवाय फडावर नवऱ्यानं मारलं तरी ती जाणार कुठे? उचल दोघांच्या नावावर, ती फिटेपर्यंत कोयता मोडता येत नाही.

मालमत्ता हे रामबाण औषध आहे, असा दावा कुणी केला तर त्याला शेजारच्या कर्नाटकात पाठवावं. तिथे जवळपास दोन-तृतीयांश स्त्रिया घर किंवा जमीन नावावर असल्याचं सांगतात, आणि तरी पाचव्या सर्वेक्षणात नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचं प्रमाण देशात सर्वाधिक, ४४ टक्के, तिथेच निघालं. तिथल्या ७७ टक्के स्त्रिया मारणं योग्य मानतात. कागदावरचं सामायिक नाव वेगळं आणि ‘हे माझं घर आहे, तू बाहेर हो’ असं म्हणता येणं वेगळं. उलट बाजूला गोवा आहे. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यात मुलीला वाट्यातून सहजासहजी वगळता येत नाही आणि लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामायिक होते. तिथे ही हिंसा राष्ट्रीय सरासरीच्या बरीच खाली आहे. गोव्यातलं शिक्षण, तिथली सुबत्ता यांचाही त्यात हात असणार. तेव्हा मनातली परवानगी आणि हातातला कागद, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. फरक इतकाच की मनं बदलायला पिढ्या जातात आणि कागद बदलायला सरकारी हुकूम पुरतो.

सरकारांना मात्र फाशी अधिक आवडते. फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक महाराष्ट्र विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं. ते कायदा झालंच नाही. रस्त्यावरच्या नराधमाला फासावर चढवण्याच्या मागणीत कुणाचंच काही जात नाही. पण देशात २०२२ मध्ये स्त्रियांविरुद्ध नोंदल्या गेलेल्या ४ लाख ४५ हजार गुन्ह्यांपैकी ३१ टक्के गुन्हे नवरा आणि त्याच्या नातेवाइकांच्या क्रूरतेचे होते. हे फक्त नोंदलेले. पोलीस ठाण्यात जाऊन एनसीवर बोळवण झालेल्या आणि ‘घरचा मामला आहे, बसून मिटवा’ ऐकून परतलेल्या बायका त्यात नाहीत. खोट्या तक्रारींचा मुद्दा इथे हटकून येतो. खोट्या तक्रारी होतात, जमिनीच्या वादांतही होतात. म्हणून कुणी महसूल न्यायालयं बंद करा म्हणत नाही.

वेगळा रस्ता कुणी शोधलाच नाही असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. ज्या गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला, त्या गावाला लक्ष्मीमुक्तीचं गाव म्हणायचं आणि जोशींनी तिथे सभेला जायचं. शेकडो गावांनी ते केलं. नवऱ्यांनी स्वखुशीनं केलं, हे विशेष. घर घेणाऱ्या स्त्रियांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत राज्यानं २०२१ पासून दिली आहे, प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्यात राज्य सरकारनं तो सगळ्या गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. ठराव मोठाच. त्या बांगड्या राखणाऱ्या विधवेचं नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, हे मात्र कुठल्याच परिपत्रकानं विचारलं नाही.

आणखी एक काम बिनखर्चाचं आहे. हक्कसोडपत्र नोंदवायला आलेल्या बहिणीला दुय्यम निबंधकानं भावापासून बाजूला बसवावं. तिचा हिस्सा किती, रेडी रेकनरच्या दरानं त्याची किंमत किती, हे मराठीत लिहिलेला कागद तिच्या हाती द्यावा. नोंदणीआधी महिनाभराची मुदत ठेवावी आणि त्या महिन्यात तिनं ‘नको’ म्हटलं तर कारण विचारू नये. यासाठी नवा कायदाही कदाचित लागणार नाही. विरोध मात्र चौफेर होईल, आणि विरोध करणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे भाऊ असतील.